सोबत आणि उपचार : गिनीपिगविषयक वाङ्मयाची एक चिकित्सा

१

प्राण्याच्या सहवासाने आजाऱ्याला बरे वाटते, ही समजूत फार जुनी आहे. त्या समजुतीचे शास्त्र करण्याचा प्रयत्न मात्र अलीकडचा आहे. गेल्या साठ वर्षांत या विषयावर विपुल वाङ्मय निर्माण झाले असून त्यात प्रारंभी कुत्रा आणि घोडा या दोन प्राण्यांचाच विचार प्रामुख्याने आढळतो. पुढे लहान प्राण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले आणि त्यांत गिनीपिगला विशेष स्थान मिळाले. याची कारणे उघड आहेत. हा प्राणी मांडीवर मावतो, क्वचितच चावतो, हॅम्स्टरप्रमाणे दिवसभर झोपून राहत नाही आणि शाळेच्या वर्गात किंवा रुग्णालयाच्या खोलीत त्याची व्यवस्था ठेवणे फारसे अवघड नसते. मराठी वाचकाला तो ठाऊक आहे तो बहुधा प्रयोगशाळेतील प्राणी म्हणून. ‘आम्हांला गिनीपिग समजता काय?’ असा प्रयोग वर्तमानपत्री मराठीतही आता रूढ झाला आहे. ज्याच्यावर प्रयोग करावयाचे तोच प्राणी आज उपचार करणारा म्हणून वर्णिला जातो, ही गोष्ट चिकित्सक वाचकाला थांबवणारी आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू या वाङ्मयाचा परिचय करून देणे एवढाच नाही. या वाङ्मयात ‘उपचार’ हा शब्द कोणत्या अर्थाने येतो आणि तो अर्थ पुराव्याने सिद्ध होतो काय, हे पाहावयाचे आहे. मराठीत या शब्दाचे तीन अर्थ प्रसिद्ध आहेत. वैद्याने रोग्यावर केलेली योजना हा पहिला अर्थ होय. पूजेतील सेवाविधी हा दुसरा. षोडशोपचारांत आपण तो ऐकतो, आणि त्याच अर्थातून ‘औपचारिक’ हे विशेषण उतरले आहे. तिसरा अर्थ शास्त्रकारांचा. सादृश्यामुळे एका वस्तूचे नाव दुसरीला देणे, यास ते उपचार म्हणतात. ‘हा मुलगा सिंह आहे’ या वाक्यात मुलावर सिंहत्वाचा उपचार केलेला असतो. काव्यप्रकाशात मम्मटाने शुद्धा लक्षणा वेगळी काढली ती अशा उपचाराच्या मिश्रणापासूनच. गिनीपिग ‘उपचार करतो’ असे जेव्हा आपण वाचतो, तेव्हा तेथे पहिला अर्थ अभिप्रेत आहे की तिसरा, हा आपला प्रश्न आहे.

२

या वाङ्मयाची पूर्वपीठिका पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या लेखकांनी प्राण्याला वैद्याचे पद दिलेले नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक याच्या पुढाकाराने क्वेकर पंथीयांनी १७९६ साली ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णांचे आश्रयस्थान उघडले. त्याचा नातू सॅम्युएल ट्यूक याने १८१३ साली त्या संस्थेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात तेथील अंगणांत ससे, समुद्रपक्षी, ससाणे, कोंबड्या असे लहान जीव ठेवले जात असल्याची नोंद आहे. त्यामागील कल्पना अशी की, या जीवांशी परिचय झाल्याने रुग्णांच्या मनातील सामाजिक आणि परोपकारी भावना जागृत व्हाव्यात. येथे प्राणी रोग बरा करीत नाही. दुसऱ्याची काळजी घेण्याची संधी तो रुग्णाला देतो, आणि त्या संधीतून काही निष्पन्न झालेच तर ते रुग्णाच्या स्वतःच्या कृतीतून होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांविषयी याच प्रकारचा विचार मांडला आहे. लहानसा पाळीव प्राणी अशा आजाऱ्याला चांगला सोबती होतो, आणि वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडून राहिलेल्या माणसाला पिंजऱ्यातील पक्षी हाच कधी कधी एकमेव आनंद असतो, असे तिचे निरीक्षण आहे. तिने प्राण्याला दिलेली संज्ञा सोबत्याची आहे. रुग्णालयांच्या व्यवस्थेत आकडेवारीचा आग्रह धरणाऱ्या या लेखिकेने या ठिकाणी कोणताही वैद्यकीय दावा केलेला नाही, याची नोंद घेणे अवश्य आहे.

परिभाषा बदलली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. न्यू यॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन याच्याकडे उपचारासाठी आलेले एक अबोल मूल त्याच्या ‘जिंगल्स’ नावाच्या कुत्र्याशी सहजतेने वागू लागले, आणि त्या अनुभवातून त्याने १९६२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हटले आहे. लेव्हिन्सनने हा शब्द अवतरणचिन्हांत घातला होता. आपण लाक्षणिक बोलत आहोत याची त्याला जाणीव होती, असा त्या चिन्हांचा अर्थ घेता येतो. पुढील लेखकांनी शब्द उचलला आणि चिन्हे गाळली. सोबती, मग सहउपचारक, आणि शेवटी स्वतःच उपचार, असा हा प्रवास आहे. त्यातील प्रत्येक पायरीवर दावा वाढत गेला. पुरावा त्याच प्रमाणात वाढला काय, हे आता पाहू.

३

गिनीपिगविषयक पुराव्यात सर्वांत काळजीपूर्वक केलेले काम मार्गरीट ओहेअर आणि तिचे सहकारी यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात केले. ते स्वमग्न मुलांविषयी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५ ते १३ वर्षे वयाची ९९ मुले होती. एक स्वमग्न मूल आणि त्याच्या वर्गातील दोन सामान्य मुले, असे तिघांचे ३३ गट केले होते. प्रत्येक गटाला काही वेळ खेळणी दिली आणि काही वेळ दोन गिनीपिग दिले. दोन्ही प्रसंगांच्या दहा-दहा मिनिटांच्या चित्रफितींवरून मुलांच्या वर्तनाची मोजणी करण्यात आली. प्राण्यांच्या सान्निध्यात स्वमग्न मुले अधिक बोलली, त्यांनी इतरांच्या चेहऱ्याकडे अधिक वेळा पाहिले, हसण्याचे प्रमाण वाढले, रडणे व कुरकुरणे कमी झाले.

या अभ्यासाची मांडणी स्तुत्य आहे. तुलना रिकाम्या खोलीशी केलेली नसून खेळण्यांशी केली आहे. तरीही निष्कर्ष नीट वाचला पाहिजे. जे वाढले ते मुलाचे मुलाशी आणि मोठ्यांशी होणारे दळणवळण होय. प्राण्याने मुलाच्या स्वमग्नतेत बदल केला असे अभ्यासिकेने म्हटलेले नाही. तिघांच्या मध्ये एक सामायिक कुतूहलाचा विषय आला आणि बोलण्यास निमित्त मिळाले. असे निमित्त सहजी न मिळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

दुसरा अभ्यास २०१५ सालचा. त्यात ३८ स्वमग्न आणि ७६ सामान्य मुलांच्या मनगटावर त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजणारे पट्टे बांधले होते. मनातील क्षोभ वाढला की घामग्रंथींच्या क्रियेमुळे ही वाहकता वाढते, हे यामागील तत्त्व. मनात वाचणे, मोठ्याने वाचणे आणि सोबत्यांसह खेळण्यांशी खेळणे या तिन्ही प्रसंगी स्वमग्न मुलांतील क्षोभ सामान्य मुलांहून अधिक होता. गिनीपिगांच्या सान्निध्यात तो उतरला. सामान्य मुलांत मात्र उलटा प्रकार घडला, प्राणी पाहून त्यांचा क्षोभ वाढला. तो आनंदाचा असावा, हे शक्य आहे. परंतु या उलट परिणामावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘गिनीपिग कुरवाळल्याने मन शांत होते’ हे सरसकट विधान या अभ्यासाच्या आधारे करता येत नाही. परिणाम कोणावर, कोणत्या प्रसंगी आणि कोणाच्या सोबत, या तिन्हींवर अवलंबून आहे. लोकप्रिय लेखनात या तीन अटी बहुधा गळालेल्या असतात.

तिसरा अभ्यास २०१४ सालचा. त्यात ६४ स्वमग्न मुलांच्या वर्गांत ८ आठवडे गिनीपिग ठेवून प्रत्येकी २० मिनिटांची १६ सत्रे घेण्यात आली. आधीच्या आठ आठवड्यांशी तुलना करता सामाजिक कौशल्यात वाढ झाल्याचे पालकांनी व शिक्षकांनी सांगितले. येथे मर्यादा उघड आहे. सांगणाऱ्यांना कार्यक्रम चालू असल्याचे ठाऊक होते, आणि तो यशस्वी व्हावा असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. डॉल्फिनांच्या साह्याने केल्या जाणाऱ्या तथाकथित उपचारांची झडती घेणाऱ्या लॉरी मरिनो हिने २०१२ साली या सर्वच वाङ्मयापुढे जो प्रश्न ठेवला, तो येथेही लागू पडतो. परिणाम जिवंत प्राण्याचा आहे की नावीन्याचा, लक्ष देणाऱ्या मोठ्या माणसाचा, की नित्यक्रमातून मिळालेल्या सुटकेचा? खेळण्यांशी केलेली तुलना या प्रश्नाचा काही भागच सोडवते.

शारीरिक स्वास्थ्याविषयीचे दावे तर याहूनही डळमळीत आहेत. एरिका फ्रीडमन हिच्या १९८० सालच्या प्रसिद्ध अभ्यासात ९२ हृदयरुग्णांपैकी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांत वर्षभरात ३ मृत्यू झाले, तर प्राणी नसलेल्या ३९ जणांत ११. हा आकडा अनेक पुस्तकांत फिरत आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियातील हृदयरुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मात्र प्राणी पाळणाऱ्यांची स्थिती उलट वाईट आढळली, आणि तो आकडा फारसा कोणी उद्धृत करीत नाही. हॅरल्ड हर्झॉग याने २०११ साली या परस्परविरोधी निष्कर्षांचा आढावा घेऊन, प्राणी पाळल्याने आरोग्य सुधारते हे अद्याप गृहीतकच आहे, असा निर्वाळा दिला. गिनीपिगच्या बाबतीत तर त्याच्या अंगावरील बुरशीमुळे मुलांना गजकर्ण होण्याचा संभव असतो, आणि काहींना त्याच्या केसांची व लाळेची बाधा होते. स्वास्थ्याचा हिशोब मांडताना ही बाजूही मांडली पाहिजे.

४

‘उपचार’ शब्दाचा दुसरा, म्हणजे विधीचा अर्थ तपासावयाचा तर हा प्राणी मूळचा जेथला आहे त्या दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशात जावे लागते. तेथे तो हजारो वर्षे माणसाळलेला असून त्याला ‘कुई’ म्हणतात. स्वयंपाकघरात उबेला वावरणारा, सणासुदीला ताटात येणारा आणि आजारात रोगनिदानासाठी वापरला जाणारा, असे त्याचे तिहेरी स्थान आहे. एडमुंडो मोरालेस याचा १९९५ सालचा ग्रंथ या विषयावरील उत्तम साधन होय. आहार, विधी आणि रोगनिवारण ही तिन्ही अंगे त्याने एकत्र पाहिली आहेत. तेथील पारंपरिक वैदू जिवंत कुई रोग्याच्या सर्वांगावरून फिरवितो. रोग प्राण्यात उतरतो, अशी श्रद्धा असते. नंतर तो प्राणी चिरून त्याच्या अंतर्भागावरून रोग्याच्या कोणत्या अवयवात दोष आहे हे वाचले जाते.

या विधीचे समर्थन करण्याचे कारण नाही. प्राण्याच्या आतड्यावरून माणसाच्या यकृताचा दोष कळत नाही. तथापि आधुनिक वाङ्मयाच्या शेजारी ही प्रथा ठेवली असता एक साम्य आणि एक भेद नजरेत भरतो. साम्य असे की, दोन्हीकडे माणसाचे दुःख स्पर्शाच्या वाटेने प्राण्यात जाते अशी कल्पना मुळाशी आहे. आजच्या लेखनात ‘गिनीपिग ताण शोषून घेतो’ अशा आशयाची वाक्ये जेव्हा येतात, तेव्हा वैदूचीच उपपत्ती नव्या वेषात पुढे येते. भेद असा की, अँडीजमधील विधीत प्राण्याला मोजावी लागणारी किंमत सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. आधुनिक उपचारात काही किंमत आहे की नाही, हेच पुष्कळ काळ कोणी विचारले नाही.

५

येथे या वाङ्मयातील मूलभूत दोष येतो. मांडीवर निश्चल बसलेला गिनीपिग शांत आणि संतुष्ट आहे, असे बहुतेक वर्णनांत गृहीत धरलेले असते. वस्तुतः गिनीपिग हा भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. संकटाची चाहूल लागताच तो एकतर पळतो किंवा जागच्या जागी थिजतो. वरून आलेल्या मोठ्या हाताखाली, पळण्यास वाट नसताना, तो थिजला तर पाहणाऱ्याला तो निवांत दिसतो. भीतीचे आणि समाधानाचे बाह्य चिन्ह येथे एकच आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. मौनाचा अर्थ आपल्या सोयीप्रमाणे लावण्याची खोड टीकाकारांनाही असते, आणि तेव्हा आपण मागेपुढे पाहून, संदर्भ तपासून अर्थ ठरवण्याचा आग्रह धरतो. तोच आग्रह येथेही धरला पाहिजे.

समाधानाची गोष्ट अशी की, तो आता धरला जाऊ लागला आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे करिन हेडिगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजमापाचा विषय रुग्ण नसून गिनीपिग होता. तीन स्थितींची तुलना केली होती : प्राण्याला लपण्याची जागा असलेले उपचारसत्र, तशी जागा नसलेले सत्र आणि माणसाशी संबंध नसलेली स्थिती. लपण्यास जागा नसताना थिजण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. म्हणजे मांडीवरील निश्चलता ही किमान काही प्रसंगी तरी ताणाची खूण असते. प्राण्याला माघार घेण्याची मोकळीक असली पाहिजे, ही त्या अभ्यासाची शिफारस आहे.

या प्राण्याला स्वतःला दिलासा कशाने मिळतो, हेही ठाऊक झाले आहे. जर्मनीतील म्युन्स्टर येथील नॉर्बर्ट झाक्सर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, नर गिनीपिगला अनोळखी जागी ठेवले असता त्याच्या रक्तातील कॉर्टिसॉल वाढते, आणि ज्या मादीशी त्याचा निकटचा संबंध जुळलेला आहे ती सोबत असेल तर ही वाढ कमी होते. अनोळखी मादी सोबत असून तसा परिणाम होत नाही. नुसत्या सान्निध्याने भागत नाही, नाते लागते. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या प्राणिसंरक्षण नियमांनी गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई केली ती याच जातीच्या ज्ञानाला अनुसरून. स्वमग्न मुलाच्या मनगटावरील पट्ट्याने जे सांगितले तेच येथे प्राण्याच्या रक्ताने सांगितले आहे. ओळखीच्या सोबत्याजवळ भय कमी होते. या दोन निष्कर्षांना एकत्र वाचणारा लेख मात्र विरळा.

या प्राण्याच्या शरीराने वैद्यकाची केलेली सेवा लक्षात घेतली तर ही उपेक्षा अधिकच खटकते. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचे जंतू सिद्ध करताना गिनीपिगांचा उपयोग केला. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी याच प्राण्यात स्कर्व्ही रोग निर्माण करून दाखविला. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, हे त्याचे कारण पुढे उलगडले. आपल्यासारख्याच एका उणिवेमुळे तो आपल्या उपयोगी पडला. त्या वेळी त्याच्यावर जे केले गेले त्याला कोणी सोबत म्हटले नाही, आणि त्या स्पष्टपणात निदान शब्दांचा गोंधळ नव्हता.

६

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. पुराव्याने जे सिद्ध होते ते असे : काही मुलांना, काही प्रसंगी, गिनीपिगच्या सान्निध्यात इतर माणसांशी संबंध जोडणे सुकर होते. हा वास्तव लाभ आहे. रोगनिवारणाचा दावा सिद्ध होत नाही. म्हणून ‘गिनीपिग उपचार करतो’ हे विधान शास्त्रकारांच्या परिभाषेत औपचारिक, म्हणजे लाक्षणिक आहे. लाक्षणिक प्रयोगात दोष नाही. दोष आहे तो लक्षणा विसरून तीच अभिधा मानण्यात. त्या विस्मरणाचा परिणाम व्यवहारात दोघांना भोगावा लागतो. स्वमग्न मुलाचे आईबाप दुकानातून प्राणी आणतात आणि प्रशिक्षित शिक्षकाची, वाचोपचाराची, धीराच्या दीर्घ शिकवणीची जागा तो घेईल अशी आशा धरतात. ती फलद्रूप झाली नाही की आणलेला जीव अडगळ ठरतो. तो पाच ते आठ वर्षे जगतो, त्याला रोज क जीवनसत्त्वयुक्त ताजा चारा लागतो, आपल्या जातीचा जोडीदार लागतो. औषधाच्या बाटलीला यांपैकी काहीच लागत नाही. ज्याला औषध म्हणून आणले त्याच्या गरजा म्हणूनच ध्यानात येत नाहीत.

या वाङ्मयाला मराठीतून एखादी संज्ञा सुचवावयाची झाल्यास ती ‘सोबत’ ही सुचवावी. आपल्याकडे रुग्णालयात आजाऱ्यापाशी रात्री जो राहतो त्याला आपण ‘सोबतीला आहे’ असे म्हणतो. तो वैद्य नसतो, औषध देत नाही, रोगावर त्याचा अधिकार चालत नाही. तरीही त्याच्या असण्याने रात्र निभावते, हे कोणीही आजारी माणूस सांगेल. त्या सोबत्यालाही झोप लागते, भूक लागते, आणि त्याला घरी जाऊ द्यावे लागते, हे आपण जाणतो. ‘उपचार’ या शब्दात देणारा आणि घेणारा अशा दोन बाजू पडतात. ‘सोबत’ हा शब्द मात्र दोन्ही बाजूंनी लागू होतो. ज्याची सोबत आपल्याला होते त्याला आपलीही व्हावी लागते.

हा शब्द स्वीकारला तर पुढील संशोधनाच्या अटी आपोआप ठरतात. मुलाच्या मनगटाबरोबर प्राण्याचीही स्थिती मोजली पाहिजे. सत्रात लपण्याची जागा, जोडीदार आणि उठून जाण्याची मोकळीक या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. प्राणी स्वतःहून मुलाकडे किती वेळा आला, याची नोंद ठेवली पाहिजे, कारण सोबतीचा पुरावा तोच आहे. आणि निष्कर्ष लिहिताना, कोणत्या मुलाला, कोणत्या प्रसंगी, कोणासह, हे तीन संदर्भ वाक्यातून गाळता कामा नयेत. नाइटिंगेलने वापरलेली साधी संज्ञा आजच्या परिभाषेपेक्षा मागासलेली होती असे मानण्याचे कारण नाही. उपलब्ध पुराव्याशी ती अधिक जुळते.